खेळ बदलतो, चाके तीच : पिंपरी-चिंचवड, चाकण आणि खुल्या आराखड्यांचा प्रश्न

१/ २००८ च्या ऑगस्टमध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात दहीहंडी रंगली, आणि तिच्यात हाडामांसाचा एकही गोविंदा नव्हता. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनच्या ‘रोबोकॉन’ या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद त्या वर्षी पुण्याकडे होते. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतील एखादी कल्पना खेळासाठी द्यायची, अशी तेथील रीत आहे. भारताने गोविंदा दिला, आणि देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी घडवलेली यंत्रे हंडीतल्या लोण्यासाठी मैदानात उतरली.

२/ बालेवाडीहून मुळा ओलांडली की वाकड लागते आणि पिंपरी-चिंचवडची हद्द सुरू होते. म्हणजे हा यंत्रांचा उत्सव एका जुन्या उद्योगनगरीच्या उंबरठ्यावर भरला होता. या धाग्याचा विषय त्या उत्सवापेक्षा थोडा रुक्ष, परंतु माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे : विद्यार्थ्यांच्या संघांनी आपल्या यंत्रांचे आराखडे एकमेकांना खुले करावेत की नाही? हा प्रश्न संगणकाच्या युगाने निर्माण केला, असा आपला समज असतो. पण पिंपरीच्या मातीत तो किमान सत्तर वर्षे जुना आहे.

३/ आधी स्पर्धेविषयी थोडे. पहिले रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत झाले. भारतात या स्पर्धेची धुरा दूरदर्शनने वाहिली, आणि देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे बालेवाडीतच भरत असे. पुढे ती दिल्लीला गेली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या वेळचा विषय होता पालकत्व : ‘पालक’ यंत्राने ‘बाल’ यंत्राला सी-सॉ आणि झोपाळ्यावर खेळवायचे. २०२२ मध्ये दिल्लीत तर चक्क लगोरी मांडली गेली.

४/ गोविंदा, झोपाळा, लगोरी. दरवर्षी खेळ नवा, म्हणून यंत्राचा ‘हात’ही दरवर्षी नवा. लोणी उचलणारा पंजा लगोरी रचण्याच्या कामाचा नाही. पण यंत्राला मैदानात नेणारा भाग मात्र फारसा बदलत नाही. मोटर, तिची गती कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग, चाके आणि हे सारे पेलणारी चौकट यांना मिळून ‘ड्राइव्हट्रेन’ म्हणतात. आपण तिला चालनयंत्रणा म्हणू.

५/ ही यंत्रणा दिसते तितकी सोपी नसते. स्पर्धेत यंत्राला तोंड न वळवता बाजूला सरकावे लागते. त्यासाठी ज्यांच्या परिघावर लहान रोलर बसवलेले असतात, अशी चाके वापरतात. रोलर ४५ अंशांत तिरके बसवलेल्या ‘मेकॅनम’ चाकाची कल्पना १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या बेंग्ट इलॉन या अभियंत्याने मांडली. तिच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. कल्पना म्हणून ती आज जगातल्या कोणालाही मोकळी आहे.

६/ तरीही पहिल्यांदा मेकॅनम बसवणाऱ्या संघाचे यंत्र बहुधा सरळ जात नाही. चौकट किंचित पिळवटलेली असली की चौथे चाक जमिनीला नीट टेकत नाही आणि यंत्र एका बाजूला ओढत जाते. चाकांची डावी-उजवी जोडी चुकली, म्हणजे वरून पाहताना रोलरांची ‘फुली’ दिसली नाही, तर यंत्र सांगितल्याप्रमाणे चालत नाही. शाफ्टवरचा ग्रबस्क्रू सैल होतो आणि मोटर फिरत असताना चाक स्वस्थ बसते. यातले काहीही पेटंटच्या कागदात लिहिलेले नसते.

७/ प्रश्नाचे मूळ इथे आहे. शेजारशेजारच्या महाविद्यालयांतील संघ दरवर्षी हेच कोडे स्वतंत्रपणे आणि बंद दाराआड सोडवतात. ज्या संघाकडे पैसा आणि अनुभवी वरिष्ठ आहेत, तो ते लवकर सोडवून खऱ्या खेळाकडे वळतो. नवख्या संघाचे सारे महिने आणि सारी वर्गणी चाके सरळ चालवण्यातच खर्ची पडते. त्याची बुद्धी खेळात कशी चालली असती, हे कोणालाच कळत नाही, कारण खेळापर्यंत तो पोहोचतच नाही.

८/ आता जरा मागे जाऊ. या पट्ट्यातील मोठ्या उद्योगांची सुरुवात परक्या आराखड्यांवर झाली. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवायला घेतल्या. आकुर्डीत बजाज ऑटोने इटलीच्या पियाजियो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवली. बजाज टेम्पोचे जर्मन आराखडे तर इतके रुजले, की ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीसाठी सामान्यनाम होऊन बसले.

९/ परवाना म्हणजे आराखड्याचे भाडे. कागद मिळतो, वापराची मुदत मिळते, आणि मुदत संपली की हाती काय उरते हा प्रश्न उभा राहतो. व्हेस्पाची चालनयंत्रणा पाहा : साखळी नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत, आणि मागचे चाक थेट गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टवर. १९७१ मध्ये परवाना संपला. १९७२ पासून त्याच धाटणीची स्कूटर ‘चेतक’ या नावाने रस्त्यावर आली. एका दशकाच्या उत्पादनाने जी जाण कारागिरांच्या हातांत उतरली होती, तिला परताव्याची तारीख नव्हती.

१०/ टेल्कोने हीच गोष्ट अधिक जाणीवपूर्वक केली. डेमलर-बेंझचा करार १९६९ मध्ये संपणार होता. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६६ मध्ये, पुण्याच्या प्रकल्पाचा पाया घातला गेला. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पिंपरीत आधी वाहने नव्हे, तर वाहने बनवणारी यंत्रे आणि साचे घडवणारे विभाग उभे राहिले, आणि त्यांच्या जोडीला शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण. आराखडा कोणाचाही असो, तो प्रत्यक्षात आणणारी टूलरूम आपली असली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

११/ यावरून कोणी म्हणेल, की आराखडा गौण आणि हात महत्त्वाचा, मग आराखडे खुले करून काय साधणार? याचे उत्तर पिंपरीतच, वाहनांशी काहीही संबंध नसलेल्या एका कारखान्यात सापडते.

१२/ मार्च १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. यंत्रसामग्री युनिसेफने पुरवली, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेने केले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेत वरिष्ठ पदावर होते, आणि औषधनिर्मितीचे ज्ञान गरीब देशांना मिळालेच पाहिजे याविषयी ते आग्रही होते.

१३/ या मदतीमागची कल्पना त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. कारखान्यातील ज्ञान कुलूपबंद राहू नये, इतर देशांच्या तंत्रज्ञांनाही येथे शिकता यावे, अशी तिची दिशा होती. कारखाना केवळ औषधाचा नव्हे, तर औषध कसे बनवावे या विद्येचाही स्रोत व्हावा, ही अपेक्षा होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी मात्र अमेरिकेतील मर्क या खासगी कंपनीचे तंत्रज्ञान घेण्यात आले. खासगी कंपनी ज्ञान विकते तेव्हा गोपनीयता हा त्या सौद्याचाच भाग असतो. ज्ञान मिळवण्याचे दोन परस्परविरोधी मार्ग एकाच आवाराने काही वर्षांच्या अंतराने अनुभवले.

१४/ येथे खुलेपणाला आदर्श आणि गोपनीयतेला पाप ठरवण्याचा माझा हेतू नाही. जीव वाचवणारे औषध हाती यावे म्हणून कुलूपबंद ज्ञानाची किंमत मोजणे हा त्या वेळच्या प्रशासकांपुढचा खरा पेच होता. लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे : खुल्या व्यवस्थेत कागदाबरोबर माणसांची ये-जाही गृहीत धरलेली होती. पेनिसिलिनची कृती वाचून पेनिसिलिन बनत नाही. ते बनवणाऱ्यांच्या शेजारी उभे राहावे लागते.

१५/ हा ‘शेजार’ पिंपरी-चिंचवडला आणखी एका मार्गाने लाभला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे हजारो लहान उद्योग भोसरी, चिंचवड आणि पुढे चाकणच्या एमआयडीसीत उभे राहिले. मोठ्या कंपनीत शिकलेला टर्नर किंवा फिटर बाहेर पडून गाळा घेतो, एक लेथ टाकतो आणि जॉबवर्क सुरू करतो, ही या भागातली घरोघरची कथा आहे. कंपनीचे ड्रॉइंग त्याच्याकडे नसते, आणि असूही नये. पण अमुक जाडीच्या पत्र्याला किती ताण द्यावा, बेअरिंगची फिटिंग किती घट्ट ठेवावी, हे शहाणपण त्याच्याबरोबर गाळ्यात येते. विद्यार्थ्यांचे संघ आपले भाग घडवून घ्यायला जातात ते याच गाळ्यांमध्ये. गुरुवार सोडून, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते.

१६/ आता क्षणभर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणींकडे जाऊ; कारण स्पर्धक असूनही ज्ञान वाटून घेतल्यास काय घडते, याचा उत्तम लेखी पुरावा तेथे आहे. तांब्याच्या आणि कथिलाच्या त्या खोल खाणींतून पाणी उपसायला वाफेची इंजिने लागत, आणि कोळसा समुद्रमार्गे बाहेरून आणावा लागे. जेम्स वॉटचे पेटंट १८०० मध्ये संपेपर्यंत तेथील अभियंते त्या पेटंटच्या जाचाने त्रासले होते.

१७/ १८११ पासून जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली तेथे एक मासिक अहवाल निघू लागला. कोणत्या खाणीतील कोणत्या इंजिनाने किती कोळशात किती पाणी उपसले, इंजिनाची रचना कशी होती आणि त्याचा अभियंता कोण, हे सारे त्यात उघड छापले जाई. याच सुमारास रिचर्ड ट्रेव्हिथिकने तेथे उच्च दाबाचे इंजिन उभारले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. पुढच्या तीन दशकांत तेथील इंजिनांची सरासरी कार्यक्षमता तिपटीहून अधिक वाढली. १९८३ मध्ये अर्थशास्त्राचे इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांनी अशा प्रक्रियेला ‘सामूहिक आविष्कार’ असे नाव दिले.

१८/ कॉर्नवॉलचा धडा नीट वाचला पाहिजे. तेथे नुसती रचना प्रसिद्ध होत नव्हती, रचनेसोबत तिचा निकालही प्रसिद्ध होत होता. कोणाचे इंजिन मागे पडले, हेही महिन्याच्या महिन्याला छापून येई. आणि अभियंत्याचे नाव खाली असल्यामुळे ज्ञान देणाऱ्याला मोबदला मिळत असे : लौकिक, आणि त्यातून पुढचे काम. खुलेपणा टिकला तो केवळ औदार्यावर नाही.

१९/ आजचे उदाहरण अमेरिकेचे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय रोबोटिक्स स्पर्धा १९९२ पासून भरते. अलीकडे तिच्यातील काही संघ ‘ओपन अलायन्स’ या नावाखाली हंगाम चालू असतानाच आपले आराखडे, चाचण्या आणि अडचणी जाहीर करतात. मग आपल्या संघांनी तेच आराखडे उतरवून घ्यावेत, वेगळा खटाटोप कशाला?

२०/ कारण ते आराखडे भोसरीच्या गाळ्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. तिकडचा शाफ्ट अर्ध्या इंचाचा षटकोनी, त्याला साजेसे षटकोनी भोकाचे बेअरिंग. आपल्या बाजारात बेअरिंग मिलिमीटरमध्ये मिळते, आणि लोखंडाची पट्टी आजही अनेकदा ‘सुतात’ मागितली जाते. आठ सूत म्हणजे एक इंच. शिवाय अमेरिकन ड्रॉइंग ‘थर्ड अँगल’ पद्धतीचे असते, आपले ‘फर्स्ट अँगल’. हे ध्यानात न घेता कागद कारागिराच्या हाती दिला, तर डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूचा होऊन येतो. म्हणून जगाचे आराखडे खुले असूनही इथले आराखडे इथेच खुले व्हावे लागतात.

२१/ आक्षेप रास्त आहेत, आणि त्यांना सामोरे गेले पाहिजे. पहिला : आमचा आराखडा घेऊन दुसऱ्याने आम्हालाच हरवले तर? रोबोकॉनमध्ये यजमान नसलेल्या देशाचा एकच संघ आंतरराष्ट्रीय फेरीला जातो, तेव्हा ही भीती खोटी नाही. यावर मधला मार्ग पेटंटच्या मूळ कल्पनेतच आहे : मर्यादित काळ संरक्षण, नंतर सर्वांना मुभा. हंगाम चालू असताना जपावे आणि अंतिम फेरीनंतर चालनयंत्रणा खुली करावी. हात आणि डावपेच हवे तर स्वतःकडेच ठेवावेत. पुढच्या वर्षी खेळ बदलल्यावर त्या हाताचे मोल तसेही उरत नाही.

२२/ दुसरा आक्षेप शिक्षकांचा : आयते मिळाले तर मुले शिकणार कशी? टेल्को आणि बजाजचा इतिहास याला उत्तर देतो. दोघांनीही आयत्या आराखड्यापासून आरंभ केला आणि घडवता घडवता ते शिकले. शिकणे थांबते ते नकलेने नव्हे, नकलेपाशी थांबल्याने. वर्षानुवर्षे तेच ग्रबस्क्रू सैल होऊ देणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही.

२३/ तिसरा आक्षेप मालकीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. या पट्ट्यातले विद्यार्थी कारखान्यांत प्रशिक्षणाला जातात. तेथे पाहिलेले ड्रॉइंग कंपनीचे असते. ते संघाच्या आराखड्यात मिसळून वाटणे हा विश्वासघात आहे. खुलेपणाची पहिली अट हीच, की जे आपले आहे तेच खुले करावे आणि ज्याचे घेतले त्याचे नाव लिहावे. अशा वाटपासाठी परवान्यांचे तयार मसुदे उपलब्ध आहेत. युरोपातील ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने २०११ पासून खुल्या यंत्ररचनांसाठी स्वतंत्र परवाना प्रसिद्ध केला आहे.

२४/ मग नेमके काय खुले करावे? नुसती संगणकावरची फाइल पुरेशी नाही. मोजमापे आणि टॉलरन्स दाखवणारे ड्रॉइंग. कोणता भाग कोणत्या प्रकारच्या दुकानातून किंवा गाळ्यातून आणि किती रुपयांना घेतला, याची तारखेसह यादी. कॉर्नवॉलप्रमाणे चाचण्यांचे आकडे. आणि शेवटी सर्वांत मोलाचे पान, म्हणजे काय मोडले, कोणती रचना टाकून दिली आणि का. हे टिपण मराठीत असेल तर गाळ्यातला कारागीरही ते वाचेल, आणि त्यात दुरुस्ती सुचवील.

२५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात एक जुनीच गोष्ट दिसते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणून संघाची स्मृतीही जेमतेम चार वर्षांची. ज्येष्ठ तुकडी बाहेर पडते, तिच्याबरोबर तिचे लॅपटॉप जातात, आणि त्यांतले आराखडेही. प्रतिस्पर्ध्यापासून लपवलेली गोष्ट काही वर्षांत स्वतःच्याच महाविद्यालयाला सापडेनाशी होते. एकाच पेटीत ठेवलेला कागद पेटीबरोबर जातो. ज्याच्या नकला चार गावांत झाल्या, त्याची एक तरी प्रत वाचते. आपली जुनी हस्तलिखिते आपल्यापर्यंत आली ती अशीच.

२६/ पिंपरीने परवान्याचे ज्ञान पाहिले, मदतीने आलेले खुले ज्ञान पाहिले आणि गाळ्यागाळ्यांतून झिरपणारे ज्ञानही पाहिले. तिन्ही मार्गांनी एवढे निश्चित सांगितले, की कागद, हात आणि शेजार ही तिन्ही एकत्र आल्यावरच विद्या मुक्काम करते. निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या विद्यार्थ्यांकडे हात आहेत, शेजार तर देशात हेवा करावा असा आहे. कागद तेवढा कपाटातून बाहेर यायचा आहे.

२७/ धागा येथे संपवतो. आपण एखाद्या रोबोकॉन संघात असाल किंवा कधीकाळी होता, तर आपल्या यंत्राची चाके कशी होती आणि ती का अडली, ते खाली जरूर लिहा. आणि आपल्या घरात टेल्को, बजाज वा भोसरीच्या एखाद्या टूलरूममध्ये काम केलेले कोणी असेल, तर त्यांना हा धागा वाचून दाखवा. यातली अनेक उत्तरे त्यांना आधीपासून ठाऊक असतील. ती लिहून घेणे तेवढे आपल्या पिढीचे काम आहे.